थीम पार्कमधलं दुपारचं जेवण रद्द करा

"माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं, थांबणं आणि एका जागी बसणं जड जाणारी अवस्था) आहे आणि त्यासाठी तो रोज सकाळी मेथिलफेनिडेटची लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी घेतो. घरी जेवणाचं कसंबसं जमतं. पण गेल्या वर्षी थीम पार्कला गेलो, तेव्हा रोज दुपारी रणकंदन. दीड-दोनला फूड कोर्टमध्ये जायचो, अर्धा तास रांगेत उभं राहून ट्रे टेबलावर आणला की हा टेबलाखाली. दोन घास खाल्ले की 'पोट भरलं', आणि तासाभरात राइडच्या रांगेत रडारड, धाकट्या बहिणीला ढकलणं. आजोबा म्हणतात, भूक लागली की झक मारत खाईल, तुम्हीच लाडावून ठेवलाय. आइस्क्रीम खाऊन तो पिसाळतो, असंही त्यांचं ठाम मत. सहा वर्षांच्या मुलीची फार इच्छा म्हणून पुढच्या महिन्यात चार दिवस पुन्हा जातोय. तिच्या हौसेखातर एका संध्याकाळी कार्टूनमधल्या पात्रांसोबतच्या डिनरचं बुकिंगही केलंय. ते ठेवावं का? आणि मुलाला नीट जेवायला कसं बसवू?"
— एक दमलेली आई

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दुपारी त्याला जेवायला बसवूच नका. पार्कमधलं दुपारचं जेवण या सहलीपुरतं वेळापत्रकातून काढूनच टाका. त्याला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षीपेक्षा त्याच्या पोटात जास्तच जावं, याचीच सोय आपल्याला करायची आहे. फक्त ट्रे, टेबल आणि 'चला, सगळे मिळून बसू या' हा मार्ग सोडून द्यायचा.

गेल्या वर्षीची दुपार त्याच्या बाजूने आठवून पाहा. दीड-दोन म्हणजे पार्कमधल्या झाडून सगळ्यांना भूक लागण्याची वेळ. आत माणसांची झुंबड, खुर्च्या ओढल्याचे आवाज, तळणाचा वास, ऑर्डरच्या नंबरांचा पुकारा, डोक्यावर स्क्रीनवरची हलती चित्रं. अशा ठिकाणी त्याने अर्धा तास शहाण्यासारखं उभं राहायचं, भल्यामोठ्या मेन्यूतून एक पदार्थ निवडायचा, तो येईपर्यंत पुन्हा थांबायचं, मग खुर्चीवर बसून राहायचं आणि एवढं सगळं झाल्यावर खायचं. थांबणं, निवडणं, गोंगाटाकडे दुर्लक्ष करणं, एका जागी टिकणं, यांतली एकेक गोष्टही एडीएचडी असलेल्या मुलाला जड जाते. इथे त्या सगळ्या ओळीने आल्या आणि जेवण सगळ्यांच्या शेवटी. टेबलाखाली तरी जरा अंधार होता आणि कुणाचा धक्का लागत नव्हता. मला तर त्याचं टेबलाखाली जाणं त्या दुपारचा सगळ्यात समजूतदार निर्णय वाटतो.

आता गोळीकडे येऊ. भूक मंदावणं हा मेथिलफेनिडेटचा अगदी नेहमी दिसणारा दुष्परिणाम आहे. लाँग-अ‍ॅक्टिंग गोळीचा असर, ती कोणत्या प्रकारची आहे त्यानुसार, साधारण ८ ते १२ तास राहतो. सकाळी आठला घेतलेली गोळी दुपारी दीडला चांगलीच जोरात असते. म्हणजे तो 'पोट भरलं' म्हणतो तेव्हा बहाणा करत नसतो, त्याला खरोखर तसंच वाटत असतं. शिवाय एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना भूक, तहान, लघवी या गोष्टी वेळेवर जाणवत नाहीत. समोर रोलर कोस्टर धडधडत असेल तर अजिबातच नाही. आपल्याला भूक लागलीये हे त्याला कळायच्या आधीच ती रडण्यातून नाहीतर बहिणीला ढकलण्यातून बाहेर पडते. आजोबांना हे शांतपणे, पण निघायच्या आधी सांगा. 'भूक लागली की खाईल' हा हिशेब इतर मुलांना चालेल. या मुलाला गोळीचा असर आहे तोवर भुकेवर सोडून चालणार नाही, तिथे घड्याळच लागेल.

त्यामुळे सहलीत त्याचं मुख्य जेवण म्हणजे सकाळचा नाश्ता, आणि तोही गोळीच्या आधी. सुट्टीत नेमकं उलटं होतं. गेट उघडायच्या आत पोचायचं असतं, म्हणून उठल्या उठल्या गोळी, मग आंघोळ, मग धावतपळत नाश्ता. तोवर भूक विझायला लागलेली असते. अर्धा तास लवकर उठा. आधी भरपेट खाऊ द्या, मग गोळी. अंडी, दूध, चीज, केळं, पाव, जे तो घरी मुकाट्याने खातो तेच द्या. टिकण्यासारखं असेल तर त्याच्या नेहमीच्या नाश्त्याची पाकिटं घरूनच न्या. नव्या चवींची ओळख करून द्यायची सहल ही नव्हे. हॉटेलचा बुफे हाही फूड कोर्टचाच भाऊ असतो. तेव्हा दार उघडताच पहिल्या दहा मिनिटांत जा, किंवा परवानगी असेल तर ताट वाढून खोलीवर आणा.

गोळीची घरची वेळ शक्यतो मोडू नका. उशिरा उठून अकराला गोळी दिलीत, तर संध्याकाळची भूक आणि रात्रीची झोप दोन्ही पुढे सरकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भुर्दंड पडतो. काही पालक विचारतात, सुट्टीपुरती गोळीच बंद ठेवली तर? म्हणजे भूक तरी लागेल. काही मुलांना डॉक्टर अशी सुट्टी देतातही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि तो प्रयोग प्रचंड गर्दीत, जिथे मूल हात सोडून पळालं तर शोधायला तास जाईल आणि जिथे राइडवर बसताना सूचना नीट ऐकाव्या लागतात, अशा ठिकाणी पहिल्यांदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी: गोळी वेगळी असेल तर हिशेबही वेगळा. अ‍ॅटोमोक्सेटीन हे एडीएचडीचंच दुसरं औषध मेथिलफेनिडेटसारखं उत्तेजक गटातलं नाही, पण रिकाम्या पोटी घेतलं तर काही मुलांना मळमळतं. पोटभर नाश्त्याचा सल्ला तिथेही लागू आहे.)

नाश्त्यानंतर संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी थोडं थोडं. 'थोडं' म्हणजे खरंच थोडं, पाच मिनिटांत संपेल एवढं. आठवण करण्याचं काम तुमच्या तोंडाकडे नको. त्याच्याच मनगटावरच्या घड्याळात थरथरणारा गजर लावा. आई 'खा' म्हणाली की नको म्हणायची सवय लागलेली असते. घड्याळाशी भांडण लावण्यात मजा नसते.

पदार्थ निवडताना तीन गोष्टी बघा. एका हाताने खाता यावा, गळू-सांडू नये आणि छोट्या घासात बरीच ताकद असावी. चीजचे तुकडे, पीनट बटरचं चार तुकडे केलेलं सँडविच, केळं, उकडलेलं अंडं, दाणे, बदाम, मनुका. एक गोष्ट फार उपयोगी पडते, पण पालकांच्या लक्षात येत नाही. भूक मेलेली असताना चावण्यापेक्षा पिणं सोपं जातं. दूध, फळ घालून केलेला मिल्कशेक किंवा पातळ गोड दही स्ट्रॉने सहज जातं. दुपारच्या दोन फेऱ्यांपैकी एक तरी अशी 'पिण्याची' ठेवा.

आणि देताना 'खातोस का?' असं विचारू नका. त्याला 'नको' हे एकच उत्तर येतं, आणि ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की त्याला ते टिकवावं लागतं. गजर झाला की सावलीतला, पाठीशी भिंत असलेला बाक गाठा. डबा उघडा, दोघांच्या मध्ये ठेवा, स्वतः एक तुकडा तोंडात टाका आणि पुढच्या राइडबद्दल बोलायला लागा. पहिल्या उतारावर डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, पुढच्या डब्यात बसायचं की मागच्या. त्याचा हात आपोआप डब्याकडे जातो. नाही गेला, तर पाच मिनिटांनी झाकण लावा आणि उठा. दोन तासांनी पुन्हा संधी आहेच. काय द्यायचं, कधी द्यायचं हे तुमच्या हातात. किती खायचं हे त्याच्यावर सोडा. घास मोजू नका, निदान त्याला दिसेल असे मोजू नका. तो उभा राहून खाईल, बाकाभोवती चकरा मारत खाईल, तर खाऊ दे. फक्त पळताना किंवा राइडवर तोंडात काही नको. घास अडकायला तेवढंच पुरतं. गरगर फिरणाऱ्या राइडच्या अगदी आधीही नको.

त्याच गजरावर चार घोट पाणी. या गोळीने तोंड कोरडं पडू शकतं, त्यात ऊन आणि दिवसभराची पायपीट. कॅफीन असलेली शीतपेयं आणि एनर्जी ड्रिंक्स या चार दिवसांत लांबच ठेवा. गोळीही उत्तेजक, कॅफीनही उत्तेजक.

हे सगळं करायचं तर डबा आत नेता यायला हवा, आणि इथे बरेच जण गेटवर अडकतात. बाहेरचं खाणं आणू न देणारे पार्क आहेत. वैद्यकीय कारण असेल तर सूट देणारेही आहेत. पण ती सूट गेटवरच्या सुरक्षारक्षकाला माहीत असेलच असं नाही. म्हणून आजच पार्कला ईमेल करा, लेखी उत्तर मागवा आणि त्याची प्रिंट जवळ ठेवा. डॉक्टरांकडून एक छोटं पत्र घ्या: निदान, औषधाचं नाव, भूक मंदावत असल्यामुळे मुलाला ठरावीक वेळाने खायला द्यावं लागतं, एवढं पुरे. औषधासाठीही प्रिस्क्रिप्शन लागेलच, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: शांत बसण्यासाठी वेगळी खोली आहे का, आणि रांगेत उभं राहू न शकणाऱ्या मुलांसाठी काही सोय आहे का. प्रत्येक पार्कचे नियम वेगळे असतात. कुठे विशिष्ट निदान असलेल्यांनाच ही सोय मिळते, कुठे आधी नोंदणी करावी लागते. तिथे पोचल्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

परवानगी नाहीच मिळाली, तर फूड कोर्टऐवजी वाटेतल्या छोट्या गाड्यांवरून घ्या किंवा पार्कच्या अ‍ॅपवरून आधीच ऑर्डर करा, म्हणजे रांग टळेल. मेन्यू आदल्या रात्री फोनवर बघा आणि त्याला चित्रं दाखवून दोनच पर्यायांतून एक निवडायला सांगा. काउंटरपाशी उभं राहून, मागे माणसं खोळंबलेली असताना, कुठल्याही मुलाला निवडता येत नाही.

आता बाकीच्यांच्या जेवणाचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सहलीला गेलो म्हणजे पाचही जण चोवीस तास एकत्र, हा आग्रह सोडा. तुमच्या मुलीला जेवायला बसायचं आहे, ती बसू शकते आणि तो तिचा हक्क आहे. अकराच्या सुमाराला किंवा तीननंतर, गर्दी नसताना, एका मोठ्या माणसाने तिला आणि आजोबांना घेऊन निवांत जेवायला जावं. तेवढा वेळ दुसऱ्याने मुलाला घेऊन राइडवर. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मुलाला वगळलं असं यात काही होत नाही. तो त्या वेळात त्याची आवडती गोष्ट करत असतो. आणि सहा वर्षांच्या बहिणीला रोज तासभर असा मिळतो, ज्यात तिला कुणी ढकलत नाही आणि आई किंवा बाबा फक्त तिचे असतात. तुमच्या पत्रात ती दोनदाच आली, एकदा ढकलली जाताना आणि एकदा हौस म्हणून. तिचंही ऐकलं जायला हवं.

'चार घास खा, नाहीतर पुढची राइड नाही' हे मात्र या चार दिवसांत एकदाही तोंडातून येऊ देऊ नका. अशा मुलांवर दूरच्या बक्षिसाचा किंवा शिक्षेचा प्रभाव कमी पडतो, समोर आत्ता काय आहे ते मोठं असतं. धमकी दिलीत की त्याला दिसते फक्त हिसकावलेली राइड. मग तो रडतो, आणि तुमच्यापुढे दोनच रस्ते उरतात: पैसे भरून आणलेल्या पार्कमध्ये त्याला बाहेर बसवायचं, नाहीतर शब्द फिरवायचा. दोन्ही वाईट. क्रम सांगणं वेगळं, तो जरूर सांगा. 'आधी बाक, मग बोटीची राइड' हे सकाळीच ठरलेलं असावं आणि बाकावर त्याने किती खाल्लं यावर राइड अवलंबून नसावी. बाकावर बसला, डबा उघडला, झालं. हा फरक आजोबांना बारीक वाटेल, मुलाला तो लगेच कळतो.

एवढं करूनही एखादा स्फोट होईलच. तेव्हा पहिल्यांदा खाणं पुढे करू नका. आधी गोंगाटापासून लांब न्या, बोलणं बंद करा, मग पाणी, आणि श्वास खाली आला की त्याच्या आवडीचं काहीतरी गोड.

हो, गोडच. आजोबांचा साखरेवरचा आरोप जगभर केला जातो, पण तो तपासून पाहिला तेव्हा टिकला नाही. मुलाला, पालकांना आणि तपासणाऱ्यांनाही काय दिलंय ते माहीत नसेल अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं त्यात आढळलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर मला भलताच आवडतो. काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलेल्या पेयात साखर नव्हतीच. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली आणि त्यांनी मुलांवर टीकाही जास्त केली. कृत्रिम खाद्यरंगांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेवर लहानसा परिणाम दिसला, तोही सर्वसाधारण मुलांमध्ये. त्यानंतर युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांसाठी पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं केलं. तेव्हा झगमगीत निळ्या-लाल खाऊच्या गोळ्या टाळल्यात तर उत्तमच, पण आइस्क्रीमला गुन्हेगार ठरवू नका. खाणं चुकलेलं असताना पोटात फक्त आइस्क्रीम असेल, तर तासाभरात मूल पुन्हा भुकेलेलं असतं, एवढाच त्याचा दोष. दोनच्या डब्यानंतर मिळालेलं आइस्क्रीम निर्दोष आहे. दूध, साय, साखर. भूक नसलेल्या मुलाच्या पोटात त्यातून काही उष्मांक गेले तर माझी हरकत नाही.

आता संध्याकाळ. गोळी उतरायला लागते तशी भूक परत येते, आणि जोरात येते. काही मुलं त्या तासाभरात चिडचिडीही होतात. दिवसभराचा शीणही त्याच वेळी येतो. म्हणून पाच-साडेपाचला पार्क सोडायचा आणि निघताना हातात काहीतरी पोटभरीचं, हॉटेलवर पोचेपर्यंत न थांबता. खोलीवर साधं, ओळखीचं जेवण. मग झोपायच्या आधी पुन्हा भूक लागली तर पुन्हा. रात्री दोनदा जेवला तर ते दुपारचं राहिलेलं जेवण समजा. नऊ वाजता तो 'मला भूक लागलीये' म्हणेल, तेव्हा 'मग दुपारी काय झालं होतं?' हे वाक्य गिळून टाका. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला स्वतःला भूक कळली आहे. त्या वेळी खोलीत पाव, दूध, फळं असं काहीतरी हवंच.

चार दिवस थोडं कमी खाल्ल्याने त्याच्या वाढीचं काही बिघडणार नाही, ही काळजी मनातून काढून टाका. पण पत्रातलं 'घरी कसंबसं जमतं' हे वाक्य मला खटकलं. या औषधावर असलेल्या मुलांचं वजन आणि उंची ठरावीक काळाने मोजून नोंद ठेवायची असते. जायच्या आधी एकदा मोजून घ्या. वजन बऱ्याच महिन्यांत वाढलं नसेल किंवा घटलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. डोस, वेळ, गोळीचा प्रकार, बदलता येण्यासारखं बरंच असतं.

राहिला डिनरच्या बुकिंगचा प्रश्न. संध्याकाळ, गोळी उतरलेली, भूक अनावर, आणि मोठमोठ्या मुखवट्यांतली माणसं मिठी मारायला येतायत. त्याच्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. पण मुलीचं बुकिंग म्हणून ठेवा. ती, आजोबा आणि तुमच्यापैकी एक, तिघांनी जावं. दुसऱ्याने मुलाला खोलीवर शांतपणे जेवू घालावं. त्यालाही पात्रं भेटायला हवी असतील, तर पोट भरल्यावर शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी फोटोपुरतं घेऊन या, आणि 'निघू या' म्हटलं की लगेच निघता येईल असं दाराजवळचं टेबल मागून ठेवा. असाच कार्यक्रम सकाळच्या नाश्त्यालाही होत असेल तर बदलून घ्यायचा मोह होईल. नका करू, त्याचा सकाळचा नाश्ता आपल्याला गोंगाटात घालवायचा नाही. बुकिंगमधली दोन नावं कमी करण्याची किंवा पैसे परत मिळण्याची मुदत किती आहे, तेवढं मात्र आजच बघून घ्या.